फोड न आलेला समोसा

आमच्या घरी पहिल्यांदा समोसे केले ते मी, आणि ते कुणी धड खाल्ले नाहीत. निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून काढली, की कृती वाचून आणि मापं घेऊन जगातलं कुठलंही काम जमतं असा माणसाचा गोड गैरसमज होतो. व्याही यायचे होते. मी हिला सांगितलं, "आज तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस." तिने टाकलं नाही. दुपारी चार वाजता परातीत एकोणीस समोसे होते. अंगभर फोड, बाहेरून काळपट तांबूस, आतून पारी कच्ची. विसावा कढईतच फुटला होता आणि त्याचं सारण तळाशी काजळासारखं बसलं होतं. व्याह्यांनी "वा, वा" म्हणत अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा चटणीच्या वाटीमागे सरकवला. मी पाहिलं ते.

रात्री कढई घासताना ही एवढंच म्हणाली, "अहो, मोहन किती घातलं होतंत?"

"दोन चमचे."

"अर्ध्या किलो मैद्याला? मग करंजीला आपण काय शोभेला घालतो?"

त्या एका प्रश्नावर माझा पुढचा सगळा अभ्यास उभा आहे. बायका करंजीच्या पारीवर जेवढा जीव टाकतात, तेवढा समोशाच्या पारीवर टाकला की काम झालं. आपण मात्र सगळी अक्कल सारणात खर्च करतो. काजू घालू का, पनीर घालू का, मका घालू का! समोसा फसतो तो बटाट्यामुळे क्वचितच.

ह्या पदार्थाची जुनी कुंडली पाहिली तरी हेच दिसतं. निवृत्तीनंतर वाचनालयात बसायला वेळ मिळाला, तेव्हा थोडं खोदलं. 'समोसा' हा शब्द फारसीतून आला. तिकडे तो 'संबोसा'. अकराव्या शतकात गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या बैहकीच्या लिखाणात तो सापडतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारी होता, त्याने तिथल्या मेजवानीचं वर्णन करताना 'संबूसक' नोंदवला आहे: खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले. पुढे माळव्यात, धारजवळच्या मांडूला, गियासुद्दीन खिलजी नावाचा खवय्या सुलतान होऊन गेला. त्याच्यासाठी पाककृतींचं एक सचित्र पुस्तक तयार झालं, 'निमतनामा'. त्याची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशाच्या एक सोडून अनेक कृती आहेत.

पण माझ्यासारख्या मापाच्या माणसाला खरा आनंद दिला तो अबुल फजलने. 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे, आणि त्यात 'कुताब, ज्याला हिंदचे लोक संबूसा म्हणतात' अशी नोंद. मांस १० शेर, बारीक पीठ ४ शेर, तूप २ शेर, कांदा १ शेर, आलं पाव शेर, मीठ अर्धा शेर, शिवाय मिरी, धणे, वेलची, जिरं, लवंग. दोन शेर तुपातलं पिठात किती आणि कढईत किती, हे मात्र त्याने सांगितलेलं नाही. म्हणजे नेमकी माझी अडचण होती तीच जागा कोरी! ह्या यादीत बटाटा नाही आणि मिरचीही नाही, कारण दोन्ही अमेरिकेतली. आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या मागून. 'बटाटा' हा आपला शब्दसुद्धा त्यांचाच. आज ज्याला आपण अस्सल समोसा म्हणतो त्याच्या पोटातली दोन्ही मुख्य माणसं उशिरा आलेली आहेत. सारण बदलत गेलं. पिठाची पारी, तिचा कोन आणि खाली तापलेली कढई, एवढं टिकलं.

फिरत फिरत त्याने नावंही बदलली. बंगालात तो 'शिंगाडा'. पाण्यातल्या त्रिकोणी शिंगाड्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याकडे शिंगाडा उपासाला चालतो, तेव्हा एकादशीला कोलकात्यात असाल तर जपून मागवा. पोर्तुगालात तो 'शामुसा'. हैदराबादेत त्याचा चौकोनी भाऊ 'लुखमी', पोटात खिमा. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडला संध्याकाळी जो मिळतो तो पातळ पट्टीचा, कुरकुरीत. तो वेगळ्या घराण्यातला. त्याची पट्टी आधी तव्यावर अर्धकच्ची भाजून घेतात आणि तो झटपट तळतात. मी खाली सांगतो आहे तो जाड पारीचा, बूड टेकून बसणारा, ज्याला आपल्याकडे पंजाबी समोसा म्हणतात तो.

बारा समोशांसाठी मैदा २५० ग्रॅम. तूप ६० ग्रॅम, म्हणजे पातळ केलेलं साधारण साडेचार मोठे चमचे. तूप शक्यतो वजनानेच घ्या, कारण प्रत्येक घरातला 'मोठा चमचा' वेगळा असतो. आमच्याकडेच तीन आहेत. मीठ एक छोटा चमचा, ओवा अर्धा छोटा चमचा, तळहातावर चोळून. थंड पाणी ८० ते ९० मिलिलिटर, आणि तेही सगळं लागेलच असं नाही.

तूप पातळ करून कोमट असतानाच मैद्यावर घाला. चकलीसारखं कडकडीत नको. आता दोन्ही तळहातांमध्ये मैदा घेऊन चोळत राहा, पाच मिनिटं तरी. घड्याळ लावून बघा, पाच मिनिटं फार असतात. मैद्याचा पांढरा रंग जाऊन तो किंचित पिवळसर, ओलसर रव्यासारखा दिसू लागला, की मूठभर घेऊन दाबा. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर मोहन बरोबर. वळलाच नाही तर चमचाभर तूप आणखी. वळला पण फुटता फुटत नसेल तर मोहन जास्त झालं. मूठभर मैदा वाढवा.

हे का, तर मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांची लांबच लांब जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते. समोशाला ती झाली की पारी वातड होते. तुपाने पिठाच्या कणाकणावर थर दिला, की पाणी तिथवर नीट पोचत नाही, जाळी तुटक राहते आणि पारी तोंडात विरघळते. वर्षानुवर्षं मी पोरांना मेदाम्लं शिकवताना सरांच्या मागे उभा होतो, आणि हे मला हिने करंजीवरून सांगितलं.

तेल चालतं का? चालतं. तेलाची पारी कडक आणि काचेसारखी होते, तुपाची खुसखुशीत. हलवाई बहुतेक वनस्पती तूप वापरतात, म्हणून त्यांच्या समोशाला तो विशिष्ट भुगा होतो. घरी मी साजूक तूपच घालतो आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेत नाही.

पाणी चमचा-चमचा. इथे हात सैल सुटला की संपलं. गोळा एवढा घट्ट हवा, की मळताना मनगटाला कळलं पाहिजे. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. गुळगुळीत करण्याच्या नादी लागू नका. वरून थोड्या भेगा दिसल्या तरी चालतील, पोळीसारखं तुकतुकीत मळलं की पुन्हा तीच जाळी. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

तोवर सारण. बटाटे अर्धा किलो, जुने. नव्या बटाट्यात पाणी फार आणि तो चिकट होतो. सालासकट उकडा, थंड करा, सोला आणि हाताने फोडा. किसणी किंवा पावभाजीचा रगडा लागला की सारणाचा लगदा होतो. दाताखाली बटाट्याची फोड आली पाहिजे. मटार १०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं. थंडीतला ताजा मटार असेल तर तेवढंही नको, फोडणीत शिजतो.

दोन मोठे चमचे तेलात जिरं एक चमचा, मग एक मोठा चमचा धणे आणि एक छोटा चमचा बडीशेप, दोन्ही खलबत्त्यात फक्त ठेचलेली, पूड नाही. हिंग. इंचभर आलं आणि तीन हिरव्या मिरच्या ठेचून. मटार, मग बटाटा. अर्धा चमचा लाल तिखट, अर्धा चमचा गरम मसाला, एक चमचा आमचूर, मीठ. पाच-सात मिनिटं परता, कढईला थोडं लागू द्या, ते खरवडून परत त्यातच. शेवटी कोथिंबीर. लिंबू पिळायचा मोह होतो, पण लिंबाने सारण ओलं होतं, म्हणून आमचूर. कांदा ह्याच कारणासाठी नाही. आणि लसूण व हळद घालणार असाल तर खुशाल घाला, पण मग बेसन कालवून बटाटेवडे करा ना, ते काय वाईट असतात?

सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. 'पूर्ण' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. कोमट सारणाची वाफ बंद पारीच्या आतून बाहेर यायला बघते, पारी मऊ पडते आणि तेलात गेल्यावर तिथेच फुटते. माझा विसावा असाच गेला.

गोळ्याचे सहा उंडे करा, प्रत्येकी सुमारे ६५ ग्रॅम. लाटताना वरून पीठ अजिबात लावायचं नाही; मोहन पुरेसं असेल तर उंडा पोळपाटाला चिकटत नाही, आणि लावलेलं पीठ तेलात सुटून जळतं. लांबट गोल लाटा, साधारण २० सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. पातळ नको. पुरीएवढी जाडी म्हणजे बरोबर. कडा फाटल्यासारख्या दिसतील, दिसू द्या. सुरीने आडवा मधोमध कापा, दोन अर्धगोल झाले.

एक अर्धगोल हातात घ्या. सरळ कडेच्या अर्ध्या भागाला पाण्याचं बोट फिरवा आणि दुसरा अर्धा त्यावर सेंटिमीटरभर चढवून दाबा. पानवाला पुडी करतो तसा कोन झाला. टोकाशी खास दाबून घ्या, कारण गळती तिथूनच सुरू होते. मी कोनात फुंकर मारून पाहतो, हवा सुटली तर पुन्हा दाबतो. (ही हसते. हसू दे.) साधारण ४५ ग्रॅम सारण भरा, म्हणजे कोनाचा तीन-चतुर्थांश भाग. अंगठ्याने टोकापर्यंत सरकवा, पण ठासून नाही. आता जोडाच्या बरोबर समोर, तोंडाच्या गोल कडेला, एक छोटी चूण घ्या. उकडीच्या मोदकाला घेतो तशी, पण एकच. मग तोंडाला पाणी लावून जोडाची बाजू आणि चुणीची बाजू एकमेकींवर दाबा. त्या एका चुणीमुळे समोशाला बूड येतं आणि तो ताटात उभा राहतो. चूण विसरलात तर चव तीच, फक्त समोसा लोळतो.

भरलेले समोसे ताटात मांडून उघडेच पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पारीचा वरचा थर किंचित सुकतो. ह्या पंधरा मिनिटांत मी चिंच-गुळाची चटणी उकळायला ठेवतो. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तुमच्या घरात होते तीच उत्तम.

आता तळणी, आणि इथेच बहुतेकांचा जीव जातो. आमच्या कॉलेजच्या उपाहारगृहातल्या महाराजांना मी माझी फसलेली कथा सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहब, समोसा तलते नहीं, तेल में पकाते हैं." मला वाटलं शब्दांचा खेळ करताहेत. मग घरी तापमापक लावून पाहिलं. एक आगाऊ सूचना: प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक स्वयंपाकघरात आणू नका, फुटला तर सगळं अन्न फेकावं लागेल आणि तेवढ्यावर भागणार नाही. पाक मोजायचा स्टीलचा मिळतो, तो घ्या.

समोसे सोडताना तेल १२० अंश सेल्सियसच्या आसपास असावं. भजीचं तेल १७० ते १८० असतं. म्हणजे भजीच्या सवयीने हात चालवलात तर तुम्ही ५० अंशांनी चुकलात. तापमापक नसेल तर पिठाची चिमूट टाका. ती तळाशी जाऊन बसली, मग आळसावून एकेक बुडबुडा सोडू लागली आणि बऱ्याच वेळाने वर आली, तर तेल तयार. लगेच उसळून वर आली तर गॅस बंद करा आणि पेपर वाचा.

एका वेळी पाच-सहा. टाकल्यावर वाटतं की काहीच होत नाहीये. चर्र नाही, फेस नाही. ह्याच क्षणी माणूस आंच वाढवतो. वाढवू नका. चार मिनिटं झाऱ्याने हातही लावू नका, पारी अजून मऊ आहे, टोक मोडेल. मग हलकेच उलटत राहा. दहा-बारा मिनिटांनी समोसे फिकट आणि कोरडे दिसू लागतील, झाऱ्याने टिचकी मारली तर टणक आवाज येईल. तेव्हा आंच मध्यम करा. तेल हळूहळू १५०-१६० पर्यंत चढेल आणि रंग येऊ लागेल. बदामी झाले की काढा. सगळं मिळून वीस ते पंचवीस मिनिटं एका घाण्याला. पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा खाली आणायला विसरू नका. दुसऱ्या घाण्याला फोड येतात ते ह्याच घाईने.

फोडाचं कारण साधं आहे. पारीत पाणी असतं. तेल एकदम तापलेलं असेल तर वरचा थर आधी आवळतो आणि आतल्या पाण्याची वाफ त्याच्याखाली अडकून फुगते. मंद तेलात ते पाणी हळूहळू निघून जातं, आणि बाहेरचा रंग येईपर्यंत आतली पारी शिजते. पीठ सैल भिजवलं असेल तर पाणीच जास्त, मग कितीही मंद तळा, थोडे फोड येणारच. उलट तेल फारच थंड राहिलं, म्हणजे शंभराच्या खालीच रेंगाळलं, किंवा मोहन वाजवीपेक्षा जास्त झालं, तर समोसा तेल पितो आणि कधीकधी कढईतच विरघळल्यासारखा सुटतो. माझे चौथ्या खेपेचे असे झाले होते. फोड एकही नव्हता, पण कागदावर ठेवल्यावर खालचं वर्तमानपत्र आरपार वाचता येत होतं.

काढल्यावर झाकायचे नाहीत. जाळीवर उभे ठेवा. डब्यात गरम कोंबले की अर्ध्या तासात सगळी मेहनत मऊ.

पाहुण्यांसाठी करायचे असतील तर सकाळी पहिली दहा मिनिटं मंद तळून, रंग येण्याआधी काढून ठेवा आणि संध्याकाळी मध्यम तेलात पाच मिनिटं. असे अर्धे तळलेले समोसे पूर्ण गार करून फ्रीजरमध्येही महिनाभर राहतात. न वितळवता थेट मंद तेलात सोडायचे. उरलेला समोसा गरम करायला मायक्रोवेव्ह नको, पारी चामड्यासारखी होते. ओव्हन असेल तर १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, नाहीतर जाड तव्यावर झाकण न ठेवता, बाजू बदलत.

ओव्हनमध्येच भाजून 'हलके' समोसे करता येतात का, असं सुनेने विचारलं होतं. येतात. वरून तूप लावून १८० अंशांवर अर्धा तास ठेवले की चांगली खारी लागतात.

मैद्याऐवजी कणीक घालायची असेल तर अर्धी-अर्धी, आणि पाणी चमचाभर जास्त लागेल. पूर्ण कणकेचे मी एकदा केले. टिकाऊ झाले.

लाटताना उरलेल्या कडा फेकू नका. एकत्र करून, जाडसर लाटून, शंकरपाळ्यांसारख्या कापा आणि शेवटच्या घाण्यानंतर त्याच तेलात मंद तळा. समोसे पाहुण्यांना जातात. हे खारे तुकडे ही डब्यात भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते. तिथे माझा हात पोचतो, हे तिला अजून माहीत नाही.